निपाहचा संशयित रुग्ण: पहिल्या फोनपासून ४२ व्या दिवसापर्यंत

"आयसीयूत पेशंट आहे. चार दिवस ताप, काल झटके आले, आज हाकेला ओ देत नाही. डेंगी निगेटिव्ह, मलेरिया निगेटिव्ह. केरळहून परत आलाय. निपाहची टेस्ट पाठवू का?" निपाह हा फळं खाणाऱ्या वटवाघळांतून माणसात येणारा आणि मेंदूज्वर करणारा विषाणू. केरळात त्याची बातमी आली की पुण्यातल्या रुग्णालयांतून साथीचा तपास करणाऱ्या आमच्याकडे असे फोन सुरू होतात. टेस्टचं नंतर बोलू. आधी तीन गोष्टी हव्यात. ताप नेमका कोणत्या तारखेला आला? त्याआधीचे तीन आठवडे माणूस कुठे होता? घरात, कामावर किंवा आधीच्या दवाखान्यात दुसरं कुणी तसंच आजारी पडलं का?

पहिला प्रश्न सर्वांत साधा वाटतो आणि त्याचंच उत्तर सर्वांत जास्त वेळा चुकतं. केसपेपरवर असते ती भरती झाल्याची तारीख. नातेवाईक सांगतात तो झटके आल्याचा दिवस, कारण घाबरले ते तेव्हा. आपल्याला हवा असतो अंग पहिल्यांदा कसकसलं तो दिवस. तो कॅलेंडर दाखवून निघत नाही. "काकू, आठवून बघा, गौरी जेवल्या त्याच्या आधी की नंतर? त्या दिवशी ते कामावर गेले होते का? मेडिकलमधून क्रोसिन आणली, त्याची चिठ्ठी आहे का?" असं विचारत गेलं की तारीख सापडते. पुढची सगळी मोजणी तिच्यावर उभी असल्यामुळे आम्ही ती दोन वेगवेगळ्या माणसांकडून पडताळून घेतो.

निपाहची बाधा झाल्यापासून लक्षणं दिसेपर्यंत बहुतेकदा ४ ते १४ दिवस जातात. क्वचित ४५ दिवसांपर्यंतचा काळही नोंदला गेला आहे. म्हणून बाधा कुठे झाली हे शोधताना तापाच्या तारखेपासून मागे जायचं, आणि रुग्णाने कुणाला दिली हे शोधताना त्याच तारखेपासून पुढे यायचं. लक्षणं नसलेला माणूस हा आजार पसरवत असल्याचं दिसलेलं नाही. आजार वाढतो, खोकला आणि धाप सुरू होते, तेव्हा रुग्णाच्या स्रावांत विषाणू भरपूर असतो आणि तोच काळ सर्वांत घातक. तोवर रुग्ण घरातून दवाखान्यात, दवाखान्यातून रुग्णालयात आलेला असतो.

पावसाळ्यात मेंदूज्वराचा प्रत्येक रुग्ण निपाहचा धरता येत नाही. जपानी मेंदूज्वर, डेंगी, स्क्रब टायफस, नागिणीच्या कुळातल्या हर्पिसचा मेंदूदाह, लहान मुलांत चंडीपुरा, एवढी यादी समोर असते. चंडीपुरा हे नाव नागपूरजवळच्या गावाचं. १९६५ मध्ये तिथल्या तापाच्या रुग्णांच्या रक्तातून पुण्याच्याच शास्त्रज्ञांनी हा विषाणू वेगळा केला. तो सँडफ्लाय या वाळूमाशीमार्फत येतो, मुलं एक-दोन दिवसांत हातची जातात, पण एका रुग्णाकडून दुसऱ्याला होत नाही. निपाह होतो, आणि म्हणून संशयाची पायरी खाली ठेवावी लागते. मेंदूज्वरासोबत श्वासाचा त्रास, बाधित भागातला प्रवास, एकाच घरातले दोन रुग्ण, किंवा आजारी पडलेली नर्स, यातलं एकही असेल तर आम्ही रुग्ण संशयित धरतो.

२०१८ मध्ये कोळिकोडला हेच झालं. पहिला रुग्ण मे महिन्याच्या सुरुवातीला निदान न होताच गेला. त्याच घरातला दुसरा माणूस तशाच मेंदूज्वराने आला तेव्हा तिथल्या डॉक्टरांना खटकलं. नमुने मणिपालला गेले, निपाह निघाला, पुण्याच्या राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्थेने शिक्कामोर्तब केलं. पण मधल्या काळात तो पहिला रुग्ण तालुका रुग्णालयात आणि मेडिकल कॉलेजात खोकत होता. सीटी स्कॅनच्या खोलीबाहेरच्या बोळात थांबलेल्या लोकांना तिथे लागण झाली. त्याची शुश्रूषा करणाऱ्या लिनी पुतुश्शेरी या नर्स त्याच महिन्यात गेल्या. त्या साथीत प्रयोगशाळेत खात्री झालेल्या १८ रुग्णांपैकी १६ दगावले. समाजात हा विषाणू फार वेगाने पसरत नाही; एक रुग्ण सरासरी एकापेक्षा कमी माणसांना तो देतो. साथ उभी राहते ती रुग्णालयाच्या बोळात आणि उशाशी बसलेल्या नातेवाइकांत. तिथेच ती अडवावी लागते.

म्हणून नमुना घ्यायच्याही आधी रुग्ण वेगळ्या खोलीत. रिपोर्टची वाट बघत जनरल आयसीयूत ठेवायचं नाही. खोलीचा दरवाजा बंद, एसी मध्यवर्ती असेल तर त्या खोलीपुरता बंद, खिडकी असेल तर उघडी आणि तिच्याखाली वर्दळ नको. आत जाणारे मोजके, त्यांची नावं आणि वेळ दारावरच्या वहीत. सिस्टर, वॉर्डबॉय, सफाईच्या मावशी, एक्स-रेचा तंत्रज्ञ, सगळे त्या वहीत. पुढे संपर्कांची यादी करताना या वहीइतका भरवशाचा दुसरा कागद नसतो. श्वासनलिकेत नळी घालणं, सक्शनने स्राव ओढणं, नेब्युलायझर यांत तुषार उडतात. ते करताना एन-९५, गॉगल किंवा फेसशील्ड, पूर्ण बाह्यांचा जलरोधक गाऊन आणि दुहेरी हातमोजे हवेतच. नेब्युलायझर शक्यतो टाळावा.

आपल्याकडची अडचण मात्र मास्कपेक्षा मोठी आहे, आणि ती म्हणजे सोबतचा नातेवाईक. रुग्णाची उलटी पुसणारा, कुशीवर वळवणारा, लघवीची पिशवी रिकामी करणारा आणि रात्री खाटेखाली चटई टाकून झोपणारा तोच असतो. त्याला फक्त "बाहेर थांबा" म्हणून चालत नाही, कारण मग ती कामं करायला कुणीच नसतं. प्रत्येक पाळीला या खोलीपुरती वेगळी सिस्टर आणि वेगळा मदतनीस नेमला तरच नातेवाईक खरोखर बाहेर राहतो.

पीपीई घालताना फारशी चूक होत नाही, काढताना होते. माणूस दमलेला असतो, चष्म्यावर वाफ असते, हात आपोआप चेहऱ्याकडे जातो. म्हणून काढायच्या जागी समोर दुसरा माणूस उभा करून तो एकेक पायरी मोठ्याने सांगतो. आधी बाहेरचे हातमोजे, हात निर्जंतुक, मग गाऊन आतली बाजू बाहेर येईल असा गुंडाळत, पुन्हा हात, मग गॉगल मागच्या पट्ट्याने, मास्क त्यानंतर आणि खोलीबाहेर आल्यावरच. शेवटी आतले हातमोजे आणि साबणाने धुतलेले हात.

आता नमुने. घशाचा स्वॅब व्हीटीएममध्ये, म्हणजे विषाणू टिकवणाऱ्या द्रवात. रक्त ५ मिली, थोडं रक्त गोठू न देणाऱ्या ईडीटीए ट्यूबमध्ये आणि थोडं साध्या ट्यूबमध्ये. लघवी १० मिली. पाठीच्या मणक्यातून पाणी, म्हणजे मेंदूजल, काढण्याजोगी स्थिती असेल तर ते किमान १ मिली. चारही का, याचं उत्तर पुन्हा तारखेत आहे. पहिल्या काही दिवसांत घशात आणि रक्तात विषाणूचा आरएनए, म्हणजे त्याची जनुकीय साखळी, सापडायची शक्यता चांगली असते. पुढे तो घशातून कमी होतो, पण लघवीत किंवा मेंदूजलात मिळू शकतो. बाधेनंतर शरीर सर्वांत आधी बनवतं ती आयजीएम प्रतिपिंडं साधारण पहिल्या आठवड्याच्या अखेरीस भरवशाने दिसू लागतात. दहाव्या दिवशी नुसता घशाचा स्वॅब पाठवला आणि तो निगेटिव्ह आला तर त्यावरून काहीच ठरवता येत नाही.

स्वॅब डॅक्रॉनचा किंवा नायलॉन फ्लॉक्ड हवा, दांडी प्लास्टिकची. लाकडी काडी आणि कॅल्शियम अल्जिनेटचं टोक पीसीआरमध्ये अडथळा आणतात. टॉन्सिल आणि घशाची मागची भिंत नीट घासावी. जिभेवर फिरवलेला स्वॅब म्हणजे वाया गेलेला दिवस. सीरम, म्हणजे रक्तातला पातळ भाग, वेगळं करण्यासाठी उघड्या टेबलावरचं सेंट्रिफ्यूज फिरवू नये. ट्यूब फुटली तर अख्ख्या लॅबला तुषारांतून लागण होऊ शकते. झाकणबंद रोटर आणि सुरक्षा कॅबिनेट नसेल तर रक्त आहे तसंच पाठवावं. सुईला पुन्हा टोपण लावू नये.

पॅकिंग तिहेरी. स्क्रू झाकणाची ट्यूब घट्ट बंद करून झाकणाभोवती पॅराफिल्म ही ताणून चिकटणारी पट्टी, वर नाव, नमुन्याचा प्रकार आणि घेतल्याची तारीख न पुसणाऱ्या शाईने. प्रत्येक ट्यूब वेगळी गुंडाळायची आणि भोवती इतका कापूस किंवा टिश्यू, की ट्यूब फुटली तर सगळा द्रव त्यात शोषला जाईल. हे सगळं दुसऱ्या गळतीरोधक, दाब सहन करणाऱ्या डब्यात. त्या डब्याभोवती आइसपॅक आणि मग बाहेरची कडक पेटी, जिची कोणतीही बाजू १०० मिलीमीटरपेक्षा कमी नसावी. निपाहचा संशय असलेला नमुना 'अ' वर्गातला, म्हणजे पेटीवर यूएन २८१४ ची खूण. रोजच्या नमुन्यांची यूएन ३३७३ ची पेटी याला चालत नाही. पाठवणारा आणि घेणारा दोघांचे चालू फोन नंबर बाहेर. फॉर्म दुसऱ्या डब्याच्या बाहेर, वेगळ्या प्लास्टिकमध्ये. ट्यूबसोबत आत ठेवलेला फॉर्म ओला होतो किंवा दूषित धरून नष्ट करावा लागतो आणि मग कुणाचा नमुना तेच कळत नाही.

तापमान २ ते ८ अंश, आणि ४८ तासांत पोहोचायला हवा. त्याहून उशीर होणार असेल तर स्वॅब आणि सीरम उणे ७० ला गोठवून ड्राय आइसमध्ये. ड्राय आइसच्या पेटीला वायू बाहेर पडायला वाट ठेवावीच लागते. हवाबंद केली तर ती फुटते. पूर्ण रक्त गोठवायचं नाही, पेशी फुटतात आणि त्यातलं हिमोग्लोबिन पीसीआर बिघडवतं. सगळ्यात वाईट म्हणजे गोठवलेला, वितळलेला आणि घाबरून पुन्हा गोठवलेला नमुना. आणि निघण्यापूर्वी फोन केलाच पाहिजे. न कळवता रात्री गेटवर येऊन पडलेली पेटी म्हणजे सुरक्षारक्षकापासून पुढे सगळ्यांना विनाकारण जोखीम.

ही पेटी जाते ती पुण्याची विषाणू संस्था १९५२ पासून आहे. तेव्हाचं नाव व्हायरस रिसर्च सेंटर. १९७८ मध्ये ती राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्था झाली. तिच्या पाषाणच्या आवारात २०१२ मध्ये देशातली पहिली बीएसएल-४, म्हणजे सर्वांत कडक जैवसुरक्षेची, प्रयोगशाळा उभी राहिली. हवेचा दाब बाहेरच्यापेक्षा कमी, त्यामुळे दार उघडलं तरी हवा आतच ओढली जाते. बाहेर जाणारी हवा अतिसूक्ष्म कण अडवणाऱ्या हेपा गाळणीतून, सांडपाणी निर्जंतुक होऊनच बाहेर. आत काम करणाऱ्याच्या सूटला नळीने हवा मिळते आणि बाहेर येताना सूटसकट रसायनाची आंघोळ होते. या सूटमध्ये बोटांची संवेदना निम्म्यावर येते. पॅराफिल्म अडीच वेढे गुंडाळली असेल तर ती सोडवायला किती वेळ जातो, हे पॅकिंग करणाऱ्याने लक्षात ठेवावं: एक वेढा, टोक दुमडलेलं.

पेटी उघडल्यावर नमुन्याचे लहान भाग करतात. एका भागात ग्वानिडीनयुक्त लायसिस बफर घातला की विषाणूचं आवरण फुटतं. निपाह गोवराच्या कुळातला, त्याचा आरएनए उलट्या वाचनाचा असतो आणि नुसता आरएनए स्वतःहून लागण करू शकत नाही. त्यामुळे इथून पुढचं आरटी-पीसीआर साध्या सुरक्षेच्या खोलीत करता येतं आणि पहिला निकाल बहुतेकदा त्याच दिवशी हाती येतो. हल्ली साथीच्या जागी ट्रूनॅट या छोट्या पीसीआर यंत्रावर प्राथमिक चाचणी होते. २०२३ च्या कोळिकोडच्या साथीत पुण्याची फिरती बीएसएल-३ प्रयोगशाळाही तिथे गेली होती. त्याने विमानाच्या वेळापत्रकावरचं अवलंबन बरंच कमी झालं.

निकाल वाचताना आम्ही आधी कंट्रोल बघतो. प्रत्येक फेरीत एक नक्की पॉझिटिव्ह, एक कोरं पाणी, आणि प्रत्येक नमुन्यात माणसाच्या स्वतःच्या एका जनुकाची तपासणी असते. पाण्यात संकेत आला तर दूषण झालं, फेरी बाद. मानवी जनुकच सापडलं नाही तर स्वॅब नीट घेतला गेलेला नाही किंवा नमुना खराब झाला. अशा वेळी "निगेटिव्ह" लिहिणं धोक्याचं, नवा नमुना मागवावा लागतो. आजाराच्या पहिल्या-दुसऱ्या दिवशीचा नमुना निगेटिव्ह आला आणि संशय दाट असेल तर पुन्हा घ्यायचा, आणि तोवर विलगीकरण उठवायचं नाही.

रिपोर्ट पॉझिटिव्ह आला की खरं कष्टाचं काम सुरू होतं: संपर्कांची यादी. तापाच्या पहिल्या दिवसापासून विलगीकरणाच्या तासापर्यंत रुग्ण कुठे होता, याचा तासागणिक तक्ता. माणसाच्या आठवणीवर विसंबू नये. ओपीडीचं रजिस्टर, औषधांची बिलं, अँब्युलन्सची नोंद, सीसीटीव्ही आणि फोनचं लोकेशन एकत्र लावायचं. पहिल्या दवाखान्यातली बाकडी, लिफ्टमन, रिक्षावाला, खाटेशेजारचा पेशंट आणि त्याला बघायला आलेले, हे सुटतात. रुग्णाने एका घरगुती डॉक्टरकडे सलाईन लावून घेतलेलं असतं आणि ते कुणी आपणहून सांगत नाही. २०२३ मध्ये केरळात सहा रुग्णांमागे हजारांहून अधिक माणसं यादीत होती.

प्रत्येकासमोर तीन रकाने: संपर्क कसला, शेवटचा संपर्क कोणत्या तारखेला, २१ दिवस कधी पूर्ण होतात. उलटी, लाळ, लघवी, रक्त यांना हात लागलेले आणि मृतदेह हाताळलेले सगळ्यात वर. दिवस मोजायचे शेवटच्या संपर्कापासून, यादीत नाव आलं त्या दिवसापासून नव्हे. दिवसातून दोनदा तापमान. लक्षण दिसलं तर स्वतःच्या गाडीने किंवा रिक्षाने निघायचं नाही, फोन करायचा. अँब्युलन्स येते आणि रुग्णालयाचं ठरलेलं दार आधीच उघडं असतं.

लोक यादीतून का निसटतात, हे पुण्याला नव्याने सांगायला नको. १८९७ च्या प्लेगमध्ये रँडच्या हाताखाली सोजिरांनी घराघरांत घुसून झडत्या घेतल्या, तेव्हा लोकांनी आजारी माणसं लपवली. त्याच प्लेगमध्ये सावित्रीबाई फुले रुग्णांची सेवा करत करत गेल्या. रोजंदारीवरच्या माणसाला २१ दिवस घरी बसा म्हणताना त्याच्या घरी धान्य, औषधं आणि बुडालेल्या मजुरीची सोय झाली पाहिजे. ती नसेल तर तो चौथ्या दिवशी नाक्यावर असतो, आणि त्याला दोष देण्यात अर्थ नाही. नाव आणि गल्ली बाहेर फुटली तर पुढचा माणूस फोन उचलत नाही.

फरशी, खाट, सांडलेले स्राव यांसाठी १ टक्का सोडियम हायपोक्लोराइट. बाजारातलं ५ टक्क्यांचं असेल तर एक भाग ते आणि चार भाग पाणी. ब्लीचिंग पावडर ३० टक्के क्लोरीनची असेल तर लिटरला साधारण ३३ ग्रॅम, पण उघड्या पोत्यातली पावडर तेवढी ताकदवान राहिलेली नसते. द्रावण रोज नवं करायचं, ऊन लागू द्यायचं नाही, ॲसिडच्या क्लीनरमध्ये मिसळायचं नाही. सांडलेल्या रक्ता-उलटीवर थेट ओतलं तर उडतं आणि क्लोरीन त्या सेंद्रिय पदार्थातच खर्ची पडतो. आधी कागद किंवा कापड टाकून शोषून घ्यायचं, त्यावर द्रावण, किमान १० मिनिटं थांबायचं, कडेकडून मधे पुसत यायचं आणि मग पुन्हा स्वच्छ फरशीवर एक हात. कपडे-कचरा दुहेरी पिवळ्या पिशवीत.

मृत्यू झाला तर देहाला आंघोळ नाही, कपाळाला हात लावणं नाही. देह गळतीरोधक बॅगेत, बॅग बाहेरून हायपोक्लोराइटने पुसलेली. पण घरच्यांना अंतरावरून चेहरा दाखवायचा, तुळशीपत्र आणि गंगाजल बॅगेवर ठेवू द्यायचं, आणि दहन झाल्यावर अस्थी खुशाल द्यायच्या. राखेतून लागण होत नाही. हे आधीच समजावून सांगितलं तर स्मशानात वाद होत नाहीत.

समांतर दुसरी तुकडी झाडांखाली काम करत असते. २०१८ च्या केरळच्या साथीत सुरुवातीला घेतलेले प्राण्यांचे नमुने निगेटिव्ह आले, कारण त्यात फळं खाणारी मोठी वटवाघळं नव्हतीच. नंतर त्यांचे ५२ नमुने घेतले, तेव्हा १० मध्ये विषाणूचा आरएनए मिळाला आणि तो माणसांतल्या विषाणूशी जवळजवळ तंतोतंत जुळला. झाडाखाली रात्री प्लास्टिक अंथरून लघवीचे थेंब गोळा करणं हा त्यातला सौम्य मार्ग. झाडं तोडायची, फटाके लावायचे, वटवाघळं मारायची, हे मात्र करू नये. विस्कटलेली वसाहत नव्या जागी पसरते. आपल्याकडे २०२० मध्ये महाबळेश्वरच्या गुहेतल्या वटवाघळांत निपाहची प्रतिपिंडं सापडली. महाराष्ट्रात त्यातून कुणी आजारी पडल्याची नोंद नाही, पण उष्टी, चोचलेली फळं टाकून द्यावीत आणि ताडी-नीरेची मडकी जाळीने झाकावीत, एवढं त्यावरून नक्की ठरतं.

निपाहला मान्यताप्राप्त लस नाही. रिबाव्हिरिन, रेमडेसिव्हिर आणि एम १०२.४ हे प्रतिपिंड दिलं गेलं आहे, पण आधार मुख्यतः श्वास आणि मेंदूची सूज सांभाळण्याचाच. बरा झालेल्यालाही पुढे काही महिन्यांनी, क्वचित वर्षांनी, मेंदूदाह उलटू शकतो; डिस्चार्ज कार्डवर ते ठळक लिहावं लागतं.

साथ संपली असं म्हणायला शेवटच्या रुग्णापासून ४२ दिवस, म्हणजे २१ ची दुप्पट, नवा रुग्ण नको. मधे एक जरी सापडला तरी मोजणी पुन्हा पहिल्या दिवसापासून. या काळात मेंदूज्वराचा प्रत्येक रुग्ण तपासायचा, मृत्यू झालेलेही. आणि मोजणी संपल्यावर संपर्कात आलेल्यांचं रक्त प्रतिपिंडांसाठी घ्यायचं, कारण लक्षणांशिवाय बाधा कुणाला झाली ते तेव्हाच कळतं. २०१८ नंतर केरळात अशा २७९ निकट संपर्कांची तपासणी झाली, तिघांत प्रतिपिंडं निघाली, आणि रुग्णाच्या स्रावांशी संपर्क आलेल्यांत त्यांचं प्रमाण नुसता स्पर्श झालेल्यांपेक्षा जास्त होतं. आमच्या संपर्कांच्या फॉर्मवर "उलटी, लाळ किंवा लघवीला हात लागला का, आणि कोणत्या तारखेला?" हा प्रश्न नावाच्या लगेच खाली आहे तो त्यामुळे.